पाहुण्याचे दुखणे

पूर्वी आमच्या सोनईतून कुणी मुंबईला निघाले, तरी त्याला पोचवायला वेशीपर्यंत चारजण जात. आता नेवासे तालुक्यातल्या या गावातून माणसे अमेरिकेला जातात आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ता दूधवाल्याकडून लागतो. मुले शिकली, परदेशी गेली, तिकडेच स्थिरावली. मग सुनेचे दिवस भरत आले, की इकडच्या आईबापांचे पासपोर्ट निघतात. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या अशी यादी महिनाभर चालते. त्या यादीत एक जिन्नस हटकून राहून जातो, आणि वजनाला तोच सर्वांत हलका असतो. तो म्हणजे आजारपणाच्या विम्याचा कागद.

आमचे थोरले बंधू अण्णा आणि वहिनी न्यू जर्सीला निघाले, तेव्हा मी या कागदाचे नाव काढले. अण्णा म्हणाले, "अरे, नातवाचं तोंड बघायला चाललोय मी, आजारी पडायला नाही!"

हे बोलणे एकट्या अण्णांचे नव्हे, ते आमच्या पंचक्रोशीचे आहे. शनिशिंगणापूर आम्हांला अगदी जवळ. तिथल्या घरांना परंपरेने दारे नाहीत, कुलपे नाहीत. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा काढली, तीही कुलपाविना. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला न आलेल्या संकटाची आधीच तजवीज करणे म्हणजे देवावर संशय घेतल्यासारखे वाटते. त्या श्रद्धेची मला थट्टा करायची नाही. पण शिंगणापूरचा माणूसही बाहेरगावी निघाला, की एस.टी.त आपली पिशवी मांडीवरच धरून बसतो!

दुसरी अडचण आपल्या आतिथ्याची. पाहुणा आजारी पडला, तर त्याचे औषधपाणी यजमानाने करायचे, ही आपली रीत. परदेशातही ती माणुसकी भेटते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा याच न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर बाईंनी त्यांना लेकीसारखे घरात घेतले. आनंदीबाईंनी १८८६ साली डॉक्टरीची पदवी मिळवली, पण प्रकृती तिकडेच ढासळली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटर कुटुंबाच्याच दफनभूमीत ठेवल्या गेल्या. परक्या लेकीसाठी एका घराने याहून अधिक काय करावे?

परंतु आज कार्पेंटर बाईंसारखा यजमान भेटला, तरी त्याचे मन मोठे असून भागत नाही. अमेरिकेत वृद्धांसाठी सरकारची 'मेडिकेअर' योजना आहे, ती तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम वास्तव्याचा परवाना घेऊन किमान ५ वर्षे राहिलेल्यांसाठी. भेटीला आलेल्या आईबापांना तिचा उपयोग नाही. १९८६ सालच्या एका कायद्याने तिथल्या तातडीच्या विभागाला दाराशी आलेल्या रोग्याला तपासावे लागते आणि जिवावरचा धोका टळेपर्यंत उपचार द्यावे लागतात, मग त्याच्या खिशात पैसे असोत वा नसोत. पण कायदा उपचार नाकारू देत नाही, एवढेच. बिल माफ करीत नाही. ते मागाहून टपालाने येते.

इतर देशांनी ही गोष्ट व्हिसाशीच बांधून टाकली आहे. युरोपातल्या शेंगेन देशांत जायचे, तर किमान ३०,००० युरोंचा विमा दाखवावा लागतो. कॅनडात मुलाकडे दीर्घकाळ राहण्याचा 'सुपर व्हिसा' हवा असेल, तर किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा विमा लागतो. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहायला जाणाऱ्या बहुतेकांकडून २०१५ पासून व्हिसाबरोबरच आरोग्याचा आकार घेतला जातो. अमेरिका भेटीला येणाऱ्यावर अशी सक्ती करीत नाही. आणि सक्ती नसली, की आपण ती गोष्ट करीत नाही!

शेवटी पुतण्याचाच फोन आला आणि अण्णा तयार झाले. मग मी त्यांच्याबरोबर कागद वाचायला बसलो. हे विमे मुख्यतः दोन तऱ्हांचे. एकात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम बांधलेली असते. बिल तिच्यावर गेले, की वरचे सारे आपल्या अंगावर. तो स्वस्त पडतो, म्हणून मोह होतो. दुसऱ्यात सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरायची आणि पुढच्या बिलाचा मोठा हिस्सा, एकूण मर्यादेपर्यंत, कंपनीने उचलायचा. आम्ही दुसरा पत्करला.

खरा तंटा झाला तो अर्जातल्या एका रकान्यावर. 'पूर्वीचे आजार कोणते?' अण्णांना बारा वर्षांची साखर. ती लिहिली, तर हप्ता वाढेल, कदाचित विमाच नाकारतील, म्हणून तो रकाना कोरा ठेवावा असा त्यांचा विचार. "माझी साखर त्यांना कोण सांगणार?" ते म्हणाले.

वहिनी आतून लाडू वळता वळता म्हणाल्या, "तुमचं रक्त सांगेल की! डॉक्टर काय तुमचा चेहरा बघून औषध देणार आहेत?"

साखर लिहिली गेली. हप्ता वाढला. जुन्या आजाराचा नेहमीचा खर्च मिळणार नाही, हेही पॉलिसीत स्पष्ट छापून आले. अण्णा दोन दिवस वहिनींशी मोजकेच बोलले.

तिकडे गेल्यावर सहाव्या आठवड्यात अण्णांना ताप भरला, श्वास लागू लागला. न्यूमोनिया निघाला, चार दिवस रुग्णालयात राहावे लागले. पुतण्याने पहिल्या रात्रीच विम्याच्या कार्डावरच्या नंबरवर कळवले, हे फार बरे झाले. कंपनीने इथल्या डॉक्टरांचे जुने कागद मागवले. ते अर्जातल्या मजकुराशी अक्षरशः जुळले. दोन महिने लिहापढी झाली आणि अण्णांचा ठरलेला वाटा वगळून बाकीचे पैसे कंपनीने चुकते केले. बिलाची प्रत हाती आली, तेव्हा अण्णांनी आधी चष्मा पुसला, मग बोटाने शून्ये मोजली. नंतर ते वहिनींना एवढेच म्हणाले, "पोराचं घर वाचलं."

त्या एका वाक्यात मला विम्याचा सारा अर्थ सापडला. म्हातारपणी माणसाला मरणाची भीती वाटते त्याहून अधिक मुलाच्या डोक्यावरचे कर्ज होण्याची वाटते. नव्या नोकरीत, नव्या घराच्या हप्त्यांत गुंतलेल्या मुलाला आपले दुखणे जड होऊ नये, ही प्रत्येक आईबापाची मूक प्रार्थना असते. विमा म्हणजे त्या प्रार्थनेला जोडलेला कागद.

वहिनी परत आल्या त्या मात्र निराळाच विचार घेऊन. दिवाळीच्या सुमारास आमच्या शिवारातही पाहुणे येतात. बीडकडून, पाथर्डीकडून ऊस तोडायला बिऱ्हाडे येतात, कोप्या पडतात. नवराबायकोच्या जोडीला इथे 'कोयता' म्हणतात. अंगावर उचल घेतलेली असते. आजारपणाने काम बुडाले, तर खाड्याचे पैसे कापले जातात. घर सोडून आलेल्या या माणसांना दुखण्याची भीती अण्णांपेक्षा कमी असेल का?

त्यांच्यासाठीही कागद आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची जन आरोग्य योजना आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. ठरवून दिलेल्या आजारांवर, यादीतल्या रुग्णालयांत रोख पैसे न भरता उपचार होतात, आणि ते राज्यात कुठेही. पण त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवावे लागते. आणि रेशनकार्ड बहुधा गावी, पत्र्याच्या पेटीत राहिलेले असते.

गेल्या हंगामात वहिनी संध्याकाळच्या वेळी कोप्यांवर जाऊ लागल्या. "भाकरी झाली का?" विचारून झाले, की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला: "कार्ड आणलंय का गं?" एका पोटुशी पोरीने सांगितले, कार्ड सासूपाशी आहे आणि सासू गावाला. वहिनींनी तिथेच फोन लावायला लावला. चार दिवसांनी बीडकडून आलेल्या ट्रकबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कार्ड आले. पोरीने ते कोपीच्या आढ्याला, देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवले.