माळ्यावरची माणसं

मीडिया हे आमच्यापासून गाडीने वीसएक मिनिटांवरचं गाव. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, जुनं कोर्ट, मुख्य रस्त्यावरून जाणारी ट्रॉली. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे जेवायला नेतो. या गावाची खरी गोष्ट मात्र मला २०१४ साली कळली.

८ मार्च १९७१. अख्खी अमेरिका अली-फ्रेझरच्या लढतीत गुंतलेली, तेव्हा आठ जणांनी कोर्टासमोरच्या इमारतीतलं एफबीआयचं छोटं ऑफिस फोडलं आणि हजारेक कागद सूटकेसमध्ये भरून नेले. मग झेरॉक्स प्रती वर्तमानपत्रांना पाठवल्या. युद्धविरोधकांवर, काळ्या विद्यार्थ्यांवर एफबीआय कशी पाळत ठेवते, लोकांना प्रत्येक टपालपेटीमागे एफबीआय एजंट दिसला पाहिजे अशी भीती कशी पसरवायची, सगळं त्या कागदांत होतं. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने सरकारचा दबाव झुगारून ते छापलं. १९७५ साली सिनेटने चर्च समिती नेमली, त्यामागे या कागदांचाही हात होता. दोनशेच्या आसपास एजंट कामाला लागले, पण चोर सापडले नाहीत. २०१४ मध्ये त्यांच्यातले काही जण आपणहून पुढे आले.

मला वाटलं होतं, लांब केसांचे, बिनधास्त तरुण असतील. होतेही एकदोन. पण म्होरक्या विल्यम डेव्हिडन हा चाळिशीतला फिजिक्सचा प्राध्यापक! जॉन रेन्स धर्मशास्त्र शिकवायचे. त्यांची बायको बॉनी कॉलेजची विद्यार्थिनी बनून ऑफिसची पाहणी करून आली होती, हातमोजे न काढता. घरी तीन लहान मुलं. ती झोपली की यांची माळ्यावर बैठक. पकडले गेलो तर मुलं कोण सांभाळेल, हेसुद्धा नातेवाइकांशी बोलून ठेवलेलं.

हे वाचलं आणि मला आमचा सांगलीचा माळा आठवला. आणीबाणी लागली तेव्हा मी चार वर्षांची. अण्णा शाळेत गणित शिकवायचे. तांब्याच्या घंगाळामागे सायक्लोस्टाइल पत्रकांचे गठ्ठे असायचे, हे आईने सांगितलं ते अण्णा गेल्यावर, तेराव्याच्या दिवशी भांडी उतरवताना. "मला रात्ररात्र झोप लागायची नाही," एवढंच म्हणाली. अण्णा स्वतः त्यावर कधी अवाक्षर बोलले नाहीत. आमच्यासाठी ते पाढे पाठ करून घेणारे, रिक्षाचे पैसे वाचवणारे अण्णाच राहिले.

आता मी अण्णांच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे आलेय. घराचं कर्ज आहे, अमेरिकेचा पासपोर्ट आहे, दर निवडणुकीला मत देते. लेक कॉलेजात आहे, मोर्च्यांना जाते. मी म्हणते, "जा, पण फोटो कुठे टाकू नकोस." ती हसते. "आई, तू अगदी आजीसारखी बोलतेस." खरंय. घरात कुणाला तरी आजीचं काम करावंच लागतं. बॉनीच्या घरी ते कोण करत होतं, कोण जाणे.

पूर्वी वाटायचं, धाडस हे विशीतलं खूळ. ज्यांना गमावण्यासारखं काही नसतं, त्यांचं. या माणसांकडे तर गमावायला सगळंच होतं. मुलांना डबे करून द्यायचे, वह्या तपासायच्या, आणि रात्री माळ्यावर जायचं. नंतर बढाई नाही, आठवणी नाहीत.

आमच्या इथल्या घराला माळा आहे. त्यात जुने कोट आणि दिवाळीचे कंदील आहेत. बाकी जागा रिकामी आहे.

असो. बॉनी आणि जॉन रेन्सची मुलाखत मिळाली तर जरूर बघा.