चावी

आमची आजी सोंवळ्याची मोठी कडक. पाव हा फिरंग्यांचा पदार्थ म्हणून नांदेडच्या आमच्या वाड्यांत तिनें तो कधीं येऊं दिला नाहीं. परंतु तिच्या कमरेला जो जुडगा रात्रंदिवस असे त्याला ती 'चाव्या' म्हणे. आणि हा शब्दही पावाप्रमाणेंच पोर्तुगीजांकडून आलेला, हें तिच्या गांवींही नव्हतें!

आज लिस्बनला या शब्दाच्या आरंभीं 'श' ऐकूं येतो. पण १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें तेव्हां ते तेथें 'च' उच्चारीत. तो जुना 'च' आपल्या जिभेनें जपून ठेवला आहे. त्यांच्या भाषेंत चावी म्हणजे कुलूप उघडण्याचें साधन, तसाच चाकी पिळण्याचा पाना. महिरपी कंसांनाही ते चाव्याच म्हणतात. आपण मराठी माणसांनीं चावी घड्याळाला दिली, नळाला बसविली, आणि शेवटीं माणसालाही देऊं लागलों!

आमच्या धाकट्या काकांना अशी चावी कोणीं दिली, तें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं. एके दिवशीं त्यांनीं वाटणी मागितली. वडील गप्प बसले. आजीनें जुडगा सोडून देवघराच्या उंबरठ्यावर ठेवला व ती म्हणाली, "बाबा, कोठीची चावी घे, पेटीची घे. पण तुला ज्यानें चावी दिली, त्याला एकदां माझ्यापुढें आण."

काका कांहींच बोलले नाहींत. वाटणी झाली, व ते लातुरास बिऱ्हाड करून राहिले.

'कुलूप' हा शब्द मूळचा अरबी 'कुफ्ल'. एक अरबस्तानचें, दुसरी पोर्तुगालची. पण आमच्या दारावर तीं दोघें पिढ्यान् पिढ्या सुखानें नांदलीं. एका आईच्या दोघां मुलांना मात्र तें साधलें नाहीं, याची खंत आजीनें बोलून दाखविली नाहीं. जुडगाही पुन्हां कमरेला लावला नाहीं.

आजी गेली तेव्हां काका आले. तेराव्या दिवशीं निघतांना त्यांनीं वडिलांजवळ जुडगा मागितला व त्यांतील एकच चावी काढून घेतली. ती पेटीची नव्हती, कोठीचीही नव्हती. वाड्याच्या दिंडीदरवाजाची होती. तें कुलूप मोडून कित्येक वर्षें झालीं होतीं, हें काकांना ठाऊक होतें. वडिलांनाही ठाऊक होतें, पण ते एवढेंच म्हणाले, "ने. तुझीच आहे."