उबेच्या शोधात सव्वादोन हजार किलोमीटर

माझी थोरली बहीण आणि दाजी गेली चाळीसहून अधिक वर्षे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात राहतात. तेथे जानेवारीत पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. आठ वर्षांपूर्वी दारातल्या बर्फावरून घसरून ताईचे मनगट मोडले, तेव्हा निवृत्त अभियंता असलेल्या दाजींनी ठरवून टाकले, की यापुढे हिवाळा दक्षिणेत काढायचा. त्यांनी ३० फुटी मोटारहोम घेतले. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर आणि ताईने लावलेली देवाची छोटी फळी. दर नोव्हेंबरात ते सव्वादोन हजार किलोमीटर गाडी चालवत टेक्सासच्या किनाऱ्यावरील रॉकपोर्टला येत आणि मार्चअखेर परतत.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत मी तीन आठवडे त्यांच्याकडे होतो. उत्तरेकडून येणाऱ्या अशा बिऱ्हाडकरूंना तिकडे ‘विंटर टेक्सन’ म्हणतात. ठरलेल्या तळावर गाडी लावायची, वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या करायच्या, की संसार सुरू. शेजारी बहुतेक सत्तरी ओलांडलेले. सकाळी फिरणे, दुपारी पत्ते, संध्याकाळी एकमेकांच्या दारात खुर्च्या टाकून गप्पा. एकटेपणा हा म्हातारपणीचा मोठा आजार आहे, असे मी दवाखान्यात रोज सांगतो. त्यावरचा इतका साधा उपचार मी क्वचितच पाहिला आहे.

त्याच किनाऱ्यावर हूपिंग क्रेन जातीचे पांढरेशुभ्र क्रौंचही हिवाळ्याला येतात. कॅनडातून सुमारे ४,००० किलोमीटर उडत. १९४१ साली ते जेमतेम विसेक उरले होते. आज या थव्यात पाचशेहून अधिक आहेत. पिल्लू पहिला हिवाळा आईबापांबरोबरच काढते आणि तिघे मिळून दलदलीत खेकडे टिपतात. दाजी मला नावेतून ते दाखवायला घेऊन गेले, तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. पुढचे सांगताना तो चेहरा मला विसरता येत नाही.

दाजी तेव्हा ७६ वर्षांचे होते. मधुमेह वीस वर्षांचा, दोन वेळा इन्सुलिन, शिवाय हृदयासाठी मेटोप्रोलॉल. एके दिवशी मुक्काम हलवून मस्टँग बेटावर जायचे ठरले. ते चालवत होते, मी शेजारी. फेरीबोटीच्या धक्क्याकडे जाताना गाडी दोनदा पांढऱ्या पट्टीवर गेली. मी काही बोललो, तर उत्तर उशिरा आले. खिडकी उघडी, वारा गार. आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब.

“दाजी, बाजूला घ्या.”

“अरे, पाच मिनिटांत पोचतोय.”

“आत्ता घ्या.”

घेतली त्यांनी. साखर भरली ५४. ताईने अर्धा कप संत्र्याचा रस दिला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली तेव्हा ८१ होती. मग पोळीभाजी खायला घातली आणि पाऊण तास आम्ही रस्त्याच्या कडेलाच बसून राहिलो.

वाचकहो, कारण अगदी साधे होते. मिनेसोटात हिवाळाभर घरात बसणारा माणूस येथे रोज सकाळी समुद्रकाठाने चार किलोमीटर चालत होता. चालण्याने शरीर कमी इन्सुलिनमध्ये भागवू लागते. डोस मात्र उत्तरेतलाच. त्यात त्या दिवशी सामान आवरण्याच्या गडबडीत न्याहारी राहिली. आणि मेटोप्रोलॉलसारख्या औषधांनी साखर उतरल्याची धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम तेवढा झाकला जात नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात मुलाकडे किंवा गावी राहायला जाणारे, तीर्थयात्रेत अचानक दिवसभर चालू लागणारे मधुमेही यांनाही हेच लागू आहे. ठिकाण आणि दिनक्रम बदलण्यापूर्वी डोसविषयी डॉक्टरांशी बोला, पहिला आठवडा साखर जास्त वेळा तपासा.

रात्री दाजी झोपल्यावर मी ताईला विचारले, “पहिल्यांदाच झालं का हे?”

ती बराच वेळ भांडे पुसत राहिली. “तिसऱ्यांदा. मुलाला सांगितलं नाहीये. कळलं तर तो गाडी विकायला लावेल. मग आम्ही चार महिने त्या खिडकीतून बर्फ बघत बसायचं?”

मला तिचे म्हणणे पटले, हे कबूल करतो. पण रस्त्यावर इतरांचीही मुलेबाळे असतात. दुसऱ्या दिवशी दाजींशी बोललो. ते म्हणाले, “तुला काय, सगळीकडे रोगीच दिसतात.” मी सांगितले, की आपल्या डॉक्टरांना आणि भाच्याला तुम्ही स्वतः कळवा, दोन दिवस थांबतो, नाहीतर मी कळवीन. थोरल्या मेहुण्याशी असे बोलायची आमच्याकडे रीत नाही. ते उठून बाहेर गेले. दोन दिवस आम्ही हवेपलीकडे काही बोललो नाही. ताईही जरा तुटकच वागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन उचलून माझ्यासमोरच मुलाला सगळे सांगितले. घटना अभियंत्याच्या शिस्तीत, तारीखवार. डॉक्टरांनी फोनवरूनच इन्सुलिन कमी केले. मार्चमध्ये भाचा विमानाने आला आणि मोटारहोम चालवत त्यांना घरी घेऊन गेला. त्याने गाडी विकायला लावली नाही. त्या प्रवासात बापलेक चार दिवस एका केबिनमध्ये होते. गेल्या कित्येक वर्षांत इतका वेळ एकत्र बसलो नव्हतो, असे तो मला नंतर म्हणाला.

यंदा भाच्यानेच ऑक्टोबरअखेर गाडी रॉकपोर्टला नेऊन तळावर लावली आणि ताई-दाजी विमानाने कॉर्पस ख्रिस्तीला उतरले. गाडी आता तेथेच राहील. तळावरच्या किरकोळ कामांना छोटी मोटार आहे. ती ताई चालवते. दाजींना शेजारी बसणे जड जाते. ती वळताना फार हळू घेते, अशी त्यांची तक्रार आहे.

त्यांची एक नोंदवही आहे. रोजचे मैल, डिझेल, हवामान. निघण्याआधी एकदा मी ती चाळली. त्या दिवसाच्या ओळीत मैलांच्या रकान्यापुढे त्यांनी फक्त ५४ लिहिले होते. परवा ताईने याच वहीच्या ताज्या पानाचा फोटो पाठवला. मैलांचा रकाना आता कोराच असतो. त्याच्या शेजारी नवा रकाना आखला आहे, आणि त्यात न्याहारीआधीची साखर रोज भरलेली असते.