चुकीच्या उत्तराला रकाना नाही

बी.एड. झालेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ टिपणाचा क्रम तो न चुकता सांगेल. आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन आणि शेवटी स्वाध्याय. रकाने वेगळे: उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, आशय, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन. शिक्षककृतीत प्रश्न लिहायचा आणि त्याच्यासमोर विद्यार्थीकृतीत अपेक्षित उत्तर. ‘समोरासमोरच्या भुजांच्या दोन्ही जोड्या समांतर असलेल्या चौकोनाला काय म्हणतात?’ ‘समांतरभुज चौकोन.’ असे ढिगाने प्रश्न आणि ढिगाने उत्तरं मी दरवर्षी तपासते आणि खाली सही करते. त्या कागदावरचं प्रत्येक मूल बरोबर बोलतं. इतका गुणी वर्ग महाराष्ट्रात कुठल्या शाळेत भरतो, हे मला अजून कळलेलं नाही.

मी शिक्षणशास्त्र महाविद्यालयात गणिताची मेथड शिकवते. माझी तक्रार एकच आहे, आणि ती सहकाऱ्यांना आता पाठ झाली आहे. माध्यमिक शिक्षक घडवण्याची आपली सगळी यंत्रणा बरोबर उत्तरासाठी सजवलेली आहे आणि शिक्षकाचं काम सुरू होतं ते मुलाचं उत्तर चुकतं तेव्हा.

आमच्याकडे येणारे विद्यार्थी विषयात कच्चे असतात असं नाही. बी.एड. ही पदवीनंतरची पदवी. पदवीला किंवा एम.ए., एम.एस्सी.ला किमान ५० टक्के लागतात, अभियंता असेल तर ५५, राखीव प्रवर्गांना सवलत. त्यावर राज्याची सीईटी: नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न. मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान, शिक्षक अभियोग्यता. यात गणिताच्या होऊ घातलेल्या शिक्षकाला गणित कुणी विचारत नाही, भूगोलाच्या शिक्षकाला भूगोल नाही. पदवी आहे म्हणजे विषय येतो, असं गृहीत. पदवीचं गणित बहुतेकांना येतंही. अडतं ते सातवी-आठवीच्या गणितावर. एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेल्या मुलीला मी विचारते, ऋण गुणिले ऋण धन का? उत्तर येतं, ‘मॅडम, तो नियमच आहे.’ तीन गुणिले उणे दोन, दोन गुणिले उणे दोन, एक, शून्य, असं खाली येत गेलं की गुणाकार दर पायरीला दोनाने वाढतो. मग शून्याच्या खाली उतरताना त्याने अचानक दिशा का बदलावी? एवढं फळ्यावर मांडायला पाच ओळी पुरतात. तिने गट सिद्धान्त आणि वलय सिद्धान्त शिकलेले असतात, पण या पाच ओळी तिला कुणी मागितलेल्या नसतात.

आता वर्गात जाऊ. आठवीतलं मूल फळ्यावर लिहितं: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. माझे छात्राध्यापक इथे जवळजवळ ठरलेली गोष्ट करतात. ‘चूक. बस खाली. दुसरं कोण सांगेल?’ आणि हात वर केलेल्या हुशार मुलीकडून लसावि वदवून घेतात, म्हणजे टिपणातलं अपेक्षित उत्तर मिळतं आणि तास पुढे सरकतो. पण दोन पंचमांश आलं कुठून? पहिल्या चाचणीत दोनपैकी एक गणित बरोबर आलं, दुसऱ्या चाचणीत तीनपैकी एक, मिळून किती? पाचपैकी दोन. हे अगदी बरोबर आहे, आणि मुलं रोजच्या हिशेबात हेच करतात. फरक एवढाच की चाचण्यांमध्ये पूर्ण बदलत जातं आणि अपूर्णांकांच्या बेरजेत दोन्ही भाग एकाच पूर्णाचे असावे लागतात. हा फरक ज्या शिक्षकाला दिसतो तो त्या मुलाला खाली बसवत नाही. तो एक भाकरी काढतो, अर्धी तोडतो आणि विचारतो की अर्धीत आणखी थोडी घातल्यावर दोन पंचमांश, म्हणजे अर्ध्याहूनही कमी, कशी राहील?

दशांशाचंही तसंच. ०.३५ मोठा की ०.८? बराचसा वर्ग ०.३५ म्हणतो, कारण पस्तीस आठापेक्षा मोठे. यात क्रिकेटचाही हात असावा असं मला वाटतं. धावफलकावर ४.५ षटकं म्हणजे चार षटकं आणि पाच चेंडू; पुढच्या चेंडूला पाच पूर्ण. अर्धं षटक तिथे ०.३ असतं! टिंबाच्या उजवीकडे सहाच्या पटीत चालणारी मोजणी मूल घरी टीव्हीसमोर बसून वर्षानुवर्षं पक्की करत आलेलं असतं, आणि आपण तासाभरात तिच्यावर दहाची मोजणी चढवायला जातो. ही गोष्ट कुठल्याही मेथडच्या पुस्तकात मी वाचलेली नाही. एका मुलाने दीड षटक १.५ असं लिहायला ठाम नकार दिला, तेव्हा ध्यानात आली.

आणि सगळ्यांत चिवट चूक म्हणजे अ अधिक ब यांच्या बेरजेचा वर्ग. सातवीत भेटते, आठवीत विस्तार सूत्रं झाल्यावर तात्पुरती दबते, दहावीच्या बीजगणिताच्या पेपरात पुन्हा डोकं वर काढते: अ वर्ग अधिक ब वर्ग. मधलं २अब गायब. शिक्षकखोलीत याला आळस म्हणतात, पाठांतराचा अभाव म्हणतात. मला ते पटत नाही. मुलाने आधी शिकलंय की अ अधिक ब ची दुप्पट म्हणजे दोन अ अधिक दोन ब. बाहेरचा दोन आत दोघांना वाटून टाकायचा. अ गुणिले ब चा वर्ग करतानाही वर्ग दोघांना वाटता येतो. म्हणजे वाटण्याची ही सवय आपणच शिकवली, तिच्यावर बरोबरची खूणही आपणच केली. इथे ती का चालत नाही हे सांगण्याची जबाबदारी मग कुणाची? अ च्या जागी तीन आणि ब च्या जागी चार घालून बघ म्हटलं की एकीकडे ४९ येतात, दुसरीकडे २५. मूल स्वतःच थबकतं. मग चौरसाची आकृती काढून ते हरवलेले चोवीस कुठल्या दोन आयतांत बसलेत ते दाखवायचं. सूत्र दहादा लिहून आणायला सांगण्यापेक्षा याला वेळ जास्त लागतो, हे खरं. पण दहावीत तो वाचतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हाच मुद्दा मांडला: विषयाचं ज्ञान वेगळं, सर्वसाधारण अध्यापनकौशल्य वेगळं आणि विषय दुसऱ्याला कळेल असा कसा मांडायचा, तो शिकताना मुलं कुठे अडखळतात, याचं ज्ञान आणखी वेगळं. आपल्याकडे आशययुक्त अध्यापन पद्धती नावाचा विषय बी.एड.ला आला तो याच्या जवळ जाणारा. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ पाठ्यपुस्तकातल्या घटकांची संरचना काढणं आणि तक्ते भरणं एवढाच उरला.

गंमत म्हणजे त्याच स्टॅनफर्डमधून १९६३ च्या सुमारास निघालेलं सूक्ष्म अध्यापन मात्र आम्ही मनोभावे स्वीकारलं. भारतीय पद्धतीत त्याचं चक्र छत्तीस मिनिटांचं: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटांत पुनर्नियोजन, परत सहा मिनिटं पाठ आणि सहा मिनिटं प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य. सज्जता प्रवर्तन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, चेतक बदल. मी याच्या विरोधात नाही. वर्गाकडे पाठ करून फळ्याशी बोलणारी मुलं यातून सुधारतात, ‘समजलं का?’ हा निरुपयोगी प्रश्न दर दोन वाक्यांनंतर विचारायची सवय सुटते. अडचण समोर बसलेल्यांची आहे. सहाध्यायीच आठवीचे विद्यार्थी होऊन बसतात. एम.ए. झालेली, कुणी लेकुरवाळी, कुणी पाच वर्षं खासगी क्लास घेतलेली ही मंडळी आठवीतल्यासारखा दंगा उत्तम करतात. आठवीतल्यासारखं चुकणं त्यांना जमत नाही. चूक प्रामाणिक असावी लागते.

वर्गात उभं राहून आलेला विद्यार्थी मात्र वेगळा असतो. आचार्य अत्रे पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेत शिकवत होते, मुंबई विद्यापीठाची बी.टी. त्यांच्याकडे होती, आणि त्यानंतर लंडनला जाऊन १९२८ मध्ये ते टी.डी. झाले. पुढे त्यांनी मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ केली. वर्गातले प्रश्न खिशात घेऊन प्रशिक्षणाला गेलेला माणूस तिथून काय आणतो, याचा हा आपल्याकडचा दाखला. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा बी.एड. सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे, आणि तिथून आलेले शिक्षक चर्चासत्रात भेटले की त्यांचे प्रश्न ऐकण्यासारखे असतात. आमच्या नियमित वर्गात बाविशीची मुलं. त्यांच्या खिशात प्रश्न कुठून येणार?

ते शाळेतून यावेत, अशी सोय कागदावर आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचा झाला, २०१५ पासून तो तसा चालू आहे. त्यामागे न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल होता, आणि तो आयोग नेमला गेला तो महाराष्ट्रातल्याच डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून. नव्या रचनेत छात्रसेवाकाल वीस आठवड्यांचा: पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. सोळा आठवडे म्हणजे जवळजवळ एक सत्र. पूर्वीच्या एका वर्षात सरावपाठ उरकताना जी धावपळ व्हायची, ती पाहिलेल्या आम्हाला हे स्वप्न वाटलं होतं.

शाळांना ते तसं वाटलं नाही, आणि त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. मुख्याध्यापकांना पोर्शन पूर्ण व्हायला हवा असतो. दहावीचा वर्ग नवख्याच्या हाती कुणी देत नाही, नववीचाही जपूनच. मार्गदर्शक शिक्षकाला आपल्याकडच्या चार छात्राध्यापकांचे पाठ बघायचे असतात, पण त्यासाठी त्याचा एकही तास कमी होत नाही आणि मानधनही नाही. मग तो वहीवर ‘पाठ चांगला झाला. आवाज स्पष्ट. फलकलेखन सुधारावे’ असं लिहून मोकळा होतो. अभ्यासक्रम एका वर्षाचा दोन वर्षांचा करताना सगळ्यांनी महिन्यांचा विचार केला. मागच्या बाकावर बसून बघणाऱ्या त्या शिक्षकाचा कुणी केला नाही. माझ्या मते सगळ्या रचनेतला कच्चा दुवा तो आहे.

छात्राध्यापकांची सर्वांत मोठी कुरकुर असते ती घटक चाचणीचे पेपर तपासायला लावतात याची. ऑफ तास घ्या, गॅदरिंगची तयारी करून घ्या आणि शिवाय हे गठ्ठे. मी त्यांना सांगते, बाकीचं टाळता आलं तर टाळा, गठ्ठा सोडू नका. उत्तरपत्रिका परत करण्याआधी चुकीची उत्तरं जशीच्या तशी वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येकाखाली लिहा: हे मूल काय विचार करत असेल? पहिल्या आठवड्यात उत्तरं येतात ती ‘लक्ष नाही’, ‘पाया कच्चा’, ‘घरी अभ्यास घेत नाहीत’ अशी. महिनाभराने ती बदलू लागतात. एका छात्राध्यापकाने लिहिलं की मुलं लांब भुजांच्या कोनाला मोठा कोन म्हणतात, कारण आपण फळ्यावर विशालकोन नेहमी ऐसपैस काढतो आणि लघुकोन कोपऱ्यात. मी इतकी वर्षं फळ्यावर कोन काढते आहे, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

पदवी हातात आली की हे सगळं मागे पडतं. पुढे टेट नाही तर टेट-सारखंच नाव असलेली टीएआयटी, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: १२० मिनिटं, २०० प्रश्न, आणि इथेही ज्या विषयाचा शिक्षक व्हायचं त्याचा स्वतंत्र पेपर नाही. मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, मग तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला महिना १८ हजार, तेही २०२३ पासून. आत जाताना विषय विचारला नाही, बाहेर पडतानाही नाही. मुलं त्या २०० प्रश्नांच्या मागे लागतात याबद्दल त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

आता पुन्हा बदलाचं वारं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम ही शिक्षकाची किमान पात्रता व्हायची आहे. २०२५ मधल्या परिषदेच्या मसुद्यात पदव्युत्तर किंवा चार वर्षांची पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाचा बी.एड. पुन्हा डोकावतो आहे. एक, दोन की चार, यावर परिसंवाद होतील, चहापान होईल. मी जाईनही. मला मात्र एक वर्ष दिलं तरी चालेल, त्यात ते गठ्ठे आणि ते बघायला मोकळा असलेला एक शाळाशिक्षक मिळणार असेल तर.

तोवर मी एक उद्योग केला आहे. माझ्या गटाच्या पाठ टिपणात विद्यार्थीकृतीशेजारी पेन्सिलने एक रेघ मारायला लावली आणि तिथे ‘संभाव्य चुकीचे उत्तर व त्यामागचा विचार’ लिहायला सांगितलं. जागा पुरत नाही, अक्षर बारीक काढावं लागतं, मुलं वैतागतात. मागच्या अंतिम पाठाला आलेल्या बाह्य परीक्षकांनी विचारलं, हा रकाना विद्यापीठाच्या नमुन्यात कुठे आहे? नाही म्हटलं. त्यांनी दोन-तीन टिपणं चाळली, एका ठिकाणी थांबून ‘हे आमच्याकडेही चुकतात’ असं स्वतःशी म्हणाले, आणि नमुना पाळला नाही म्हणून सगळ्यांचा एकेक गुण कापला.