शेवटपर्यंत : काही टिपणे

शेवटच्या भोजनातली भाकर आणि प्याला यांची हकिगत मत्तय, मार्क आणि लूक सांगतात. योहान तिला हात लावत नाही. त्याला सांगायचं आहे ते पाय धुण्याचं. येशू जेवणावरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊन पुसू लागतो. हे नोकराचं काम.

यहूदा इस्कार्योत तेव्हा तिथेच होता. तो उठून गेला तो नंतर, रात्री. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. योहान हे ठासून सांगत नाही, प्रसंगांचा क्रम पाहिला की कळतं. यहूदाच्या मनात काय शिजतंय हे येशूला ठाऊक होतं, हे मात्र योहान उघड लिहितो.

*

पेत्र आधी म्हणतो, माझे पाय धुवायचे नाहीत. समजावल्यावर म्हणतो, मग हात आणि डोकंही धुवा! बारा जणांत मला हाच जवळचा वाटतो. त्याला मधलं काही जमतच नाही.

*

गेथशेमाने बागेत येशूचं मागणं एवढंच होतं, की माझ्याबरोबर जागे राहा. सोबत नेलेले तिघंही शिष्य झोपले. अटक होताच सगळे पळाले. एक तरुण तर अंगावरचं तागाचं वस्त्र पकडणाऱ्यांच्या हातात सोडून उघडाच पळाला, अशी मार्कची नोंद आहे. क्रुसाच्या आसपास उरल्या त्या बहुतेक बायकाच. प्रवचनांमध्ये त्यांचा उल्लेख नेहमी घाईघाईत उरकला जातो, ही माझी जुनी तक्रार.

*

मार्कमध्येच, रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना निरोप मिळतो : जाऊन त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. पेत्र शिष्यांतलाच ना? मग वेगळं नाव कशाला? मला वाटतं, तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून बसलेल्या माणसाने तो निरोप आपल्यासाठी धरलाच नसता.

*

यरुशलेमकडे पाहून येशू म्हणतो, कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं तुम्हाला जवळ घ्यावं असं किती वेळा मनात आलं, पण तुमचीच इच्छा नव्हती. चौदाव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या ज्युलियनने त्याला सरळ आई म्हटलं. इकडे 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी त्याला गुरुमाउली केलं. टिळकांना त्यासाठी दूर जावं लागलं नाही, ज्ञानोबा-तुकोबांची भाषा त्यांच्या कानांत होतीच.

*

रोमच्या भूमिगत दफनभूमींतल्या तिसऱ्या शतकातल्या चित्रांत क्रूस जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण मेंढपाळ. मेलेल्या माणसाजवळ त्या ख्रिस्ती लोकांना हे चित्र हवं होतं.

*

कबर रिकामी सापडल्यानंतरची एक पहाट, तिबिर्या समुद्राचा काठ. रात्रभर शिष्यांच्या जाळ्यात काही नाही, मग एकदम 153 मासे. (आकडा नेमका आहे. कोळ्याने मोजल्याशिवाय असा आकडा येत नाही.) काठावर येशूने कोळशाचा विस्तव पेटवून ठेवलाय, त्यावर मासळी, बाजूला भाकर. पेत्राने ज्या अंगणात त्याला नाकारलं तिथेही कोळशाचाच विस्तव होता. येशू त्या रात्रीचं नावही काढत नाही. आधी सगळ्यांना न्याहारीला बसवतो. खाणं झाल्यावर पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तीनदा. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. प्रत्येक उत्तरामागून त्याला काम मिळतं, मेंढरं सांभाळण्याचं. पुढे मरण कसं येईल याची सूचनाही तिथेच. म्हणजे ही माया लाड करणारी नाही.

योहानाचा हा एकविसावा अध्याय अवघ्या 25 वचनांचा आहे. घरात मराठी बायबल असेल तर काढून वाचा, आणि पेत्राच्या तिन्ही उत्तरांवर जरा थांबा.