वागानोवाबाईंचा वर्ग

मराठीत मास्तरकी 'पत्करली' असे म्हणतात. पराभव पत्करतात, नामुष्की पत्करतात, आणि मास्तरकीही. नटाने रंगभूमी सोडून शिकवायला आरंभ केला, किंवा कवीने महाविद्यालयात नोकरी धरली, की काहीशा सहानुभूतीच्या सुरात हेच क्रियापद योजले जाते. आम्ही दोघे वीस वर्षे मराठी शिकवीत आहोत. आमच्यापैकी एकाच्या कविता एके काळी दिवाळी अंकांतून येत असत. दुसऱ्याचे कथालेखन तिसऱ्या कथेवर थांबले. तेव्हा या क्रियापदाशी आमचा संबंध केवळ व्याकरणापुरता नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

अग्रिपिना वागानोवा या रशियन नर्तिकेच्या चरित्राकडे आम्ही वळलो ते या खुपणाऱ्या शब्दामुळेच. बॅले आम्ही रंगमंचावर प्रत्यक्ष पाहिलेला नाही. जो पाहिला तो पडद्यावर. त्यामुळे पुढील मजकुरात नृत्यसमीक्षेचा आव नाही. आमचे कुतूहल एवढेच, की जिची रंगमंचावरील कारकीर्द दुय्यम मानली गेली, तिच्याच नावाने पुढे एक संपूर्ण नृत्यपद्धती कशी ओळखली जाऊ लागली?

वागानोवांचा जन्म सेंट पीटर्सबर्ग येथे १८७९ साली झाला. वडील मारिन्स्की नाट्यगृहात द्वारपालासारख्या साध्या नोकरीत होते. मुलगी झारच्या आश्रयाने चालणाऱ्या नृत्यशाळेत शिकली आणि १८९७ साली त्याच नाट्यगृहात समूहनृत्याच्या रांगेत उभी राहिली. रूप त्या काळाच्या आवडीचे नव्हते, बांधा नाजूक नव्हता. उडी मात्र विलक्षण होती. त्या काळचे सर्वश्रेष्ठ नृत्यरचनाकार मारिउस पेतिपा यांची मर्जी त्यांच्यावर कधीच बसली नाही. समीक्षकांनी त्यांना 'व्हेरिएशन्सची राणी' म्हटले. व्हेरिएशन म्हणजे मोठ्या बॅलेत मध्येच येणारा, एक-दोन मिनिटांचा एकल तुकडा. संगीत नाटकात एकच पद गाऊन टाळ्या घ्याव्यात आणि नायिकेला वाट करून देऊन विंगेत परतावे, तसे हे राणीपद! त्याच शाळेतून दोन वर्षांनी बाहेर पडलेल्या आन्ना पावलोवा १९०६ मध्येच 'बॅलेरिना' या सर्वोच्च दर्जाला पोचल्या. वागानोवांना तो दर्जा मिळाला १९१५ साली, आणि १९१६ मध्ये तर त्या निवृत्तच झाल्या.

एखाद्या कादंबरीकाराने येथेच पूर्णविराम दिला असता. पण या वीस वर्षांत आणखी काही चालले होते, आणि आमच्या मते खरी कथा तीच आहे. जे जमत नाही ते का जमत नाही, याचा शोध ही नर्तिका घेत होती. फ्रेंच वळणाच्या शिक्षणात हातांना मार्दव येते पण वळणांना बळ येत नाही; इटालियन नर्तिका गिरक्यांवर गिरक्या घेतात, त्या कशाच्या आधारावर? इटालियन गुरू एन्रिको चेकेत्ती यांच्याकडे शिकलेल्या ओल्गा प्रेओब्राजेन्स्का यांच्याकडून त्यांनी ते समजून घेतले. पाठीचा कणा स्थिर आणि सबळ असेल तर पाय मोकळे होतात. जी गोष्ट काहींना देहच उपजत सांगतो, ती वागानोवांना बुद्धीने शोधावी लागली, आणि बुद्धीने शोधलेली गोष्टच दुसऱ्याला सांगता येते.

पुढे क्रांती झाली. राजदरबाराची चैन म्हणून बॅलेच नको, असे म्हणणारेही निघाले. अशा काळात वागानोवाबाई (आपल्याकडे शिक्षिकेला 'बाई'च म्हणतात, तेव्हा आता हेच संबोधन योग्य) आपल्या जुन्या शाळेत शिकवू लागल्या. त्यांच्या वर्गातून १९२५ साली मारिना सेम्योनोवा बाहेर पडल्या, १९२८ साली गालिना उलानोवा, १९३१ साली नातालिया दुदिन्स्काया. उलानोवांना आरंभी त्यांच्या आईने शिकवले होते, हेही नोंदवायला हवे. सगळे श्रेय एकाच गुरूला देण्याची आपली सवय येथे चालणार नाही. १९३४ साली बाईंचे अभिजात नृत्याच्या मूलतत्त्वांवरील पुस्तक आले. हात वेगळे, पाय वेगळे असे शिकवायचे नाही, हे त्यातील मुख्य सूत्र. साधा हात उचलायचा तरी त्यात पाठ, खांदा, मान आणि नजर यांचा वाटा असतो. चूक झाली तर ती कोणत्या कारणाने झाली, हे विद्यार्थिनीला कळले पाहिजे.

आम्ही कवितेच्या तासाला 'किती सुंदर प्रतिमा आहे' असे म्हणून पुढच्या कडव्याकडे जातो, तेव्हा नेमके हेच राहून जाते.

येथपर्यंत आम्हा दोघांत एकमत होते. उलानोवांपाशी ते संपते. १९५६ साली लंडनमध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ज्युलिएट आणि जिझेल नाचून त्यांनी तेथील प्रेक्षकांना जिंकले. रंगमंच सोडल्यावर बल्शोय नाट्यगृहात त्या शिकवू लागल्या, आणि १९९८ साली निधन होईपर्यंतच्या दीर्घ काळात येकातेरिना माक्सिमोवा, ल्युदमिला सेमेन्याका यांच्यासारख्या नर्तिका त्यांनी घडवल्या. म्हणजे असामान्य कलावंतही उत्तम शिकवू शकतो. उणिवेतूनच गुरू जन्मतो, असा नियम करता येत नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की उलानोवांनी एकेका नर्तिकेला एकेक भूमिका दिली. पद्धती मागे ठेवली ती वागानोवांनीच. दुसऱ्याला ही मांडणी आपल्या सोयीची वाटते. पद्धती नसलेला गुरू कमी कसा, असा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याला आमच्यापाशी उत्तर नाही. वागानोवांना निवड करायला मिळाली असती तर त्यांनी पावलोवांचे आयुष्य निवडले असते की स्वतःचे, यावरही आम्ही अजून वाद घालतो.

१९५१ साली इरिना कोल्पाकोवा त्यांच्या वर्गातून उत्तीर्ण झाल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाई गेल्या. १९५७ मध्ये शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. त्या शेवटच्या वर्गातील मुलींचा जन्मच बाईंच्या निवृत्तीनंतर सोळा-सतरा वर्षांनी झालेला. पेतिपांची नाराजी किंवा ते तुकड्यांचे राणीपद त्यांच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. रोज सकाळी वर्गात येऊन 'हे का जमले नाही?' असे विचारणाऱ्या बाईच तेवढ्या त्यांना ठाऊक होत्या.