मरोळची फिलोमिना

अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाल्यापासून मरोळ नाक्याला जाणे फारच सोपे झाले आहे. पण नाक्यावर उतरून कचेऱ्यांच्या काचेच्या इमारतींकडे न जाता उलट बाजूच्या गावठाणात शिरावे, म्हणजे खरे मरोळ दिसते. अरुंद गल्ल्या, मधूनच एखादे कौलारू घर, बाहेरून वर चढणारा लाकडी जिना, आणि चौकात फुलांची माळ ल्यालेला क्रूस. ईस्ट इंडियन समाजाची ही जुनी वस्ती. नाव इंग्रजी असले तरी ही माणसे मूळची इथलीच. घरात मराठी बोलणारी, आणि एके काळी साष्टीतली भातशेती कसणारी.

मला दारांवरच्या पाट्या वाचायची खोड आहे. इथे आडनावे पेरेरा, डिसोझा, मिस्किटा अशी; ती पोर्तुगीजांची देणगी. पण बायकांच्या नावांत, विशेषतः आजीच्या पिढीत, एक नाव पुन्हा पुन्हा भेटते : फिलोमिना. कुणाची फिलू, कुणाची फिली, आणि कुणी मागचा अर्धा भाग उचलून सरळ 'मीना' म्हटले, की ती शाळेच्या हजेरीत आपल्या मीनांच्या रांगेत बेमालूम बसते!

हे नाव पोर्तुगीज नव्हे, इंग्रजीही नव्हे. ते थेट ग्रीक आहे. 'फिलेओ' म्हणजे मी प्रेम करतो. त्यावरून 'फिलुमेनी', म्हणजे जिच्यावर प्रेम केले जाते ती. फिलॉसॉफीतला ज्ञानावरचा प्रेमभाव आणि घोड्यांवर प्रेम करणारा फिलिप ही त्याच घराण्यातली भावंडे. आपल्याकडची प्रिया म्हणजे ग्रीकांची फिलोमिनाच. काही भाविकांनी लॅटिनचा आधार घेऊन 'प्रकाशाची लेक' असाही अर्थ लावला होता. दिवाळी अंकाला तो फार शोभला असता, पण व्याकरणाला मानवत नाही.

आता खरी गंमत पुढेच आहे. १५३४ साली वसईबरोबर साष्टीही पोर्तुगीजांकडे गेली. मरोळजवळच्या कोंडिवट्याला १५७९ साली त्यांनी बांधलेल्या चर्चचे भग्नावशेष आज सीप्झच्या आवारात, कारखान्यांच्या गराड्यात उभे आहेत. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई, आणि पोर्तुगीज इथून गेले. आडनावे मागे राहिली. मग फिलोमिनाही त्यांनीच ठेवून दिली म्हणावी, तर ते कालगणनेत बसत नाही. कारण जिच्यावरून मुलींना हे नाव ठेवू लागले, त्या संत फिलोमिनेचे नाव जगाला कळले तेच मुळी १८०२ साली!

त्या वर्षीच्या मे महिन्यात रोममधल्या प्रिसिल्लाच्या भुयारी दफनभूमीत एक कबर सापडली. तिचे तोंड भाजक्या मातीच्या तीन फरशांनी बंद केले होते. पहिलीवर 'लुमेना', दुसरीवर 'पॅक्स ते', तिसरीवर 'कुम फी'. वाचणाऱ्यांना अर्थ लागेना. मग कुणाच्या तरी ध्यानात आले, की गवंड्याने फरशा उलटसुलट बसवल्या असाव्यात. पहिली फरशी शेवटी नेली आणि ओळ जुळली : 'पॅक्स तेकुम फिलुमेना', फिलुमेना, तुला शांती लाभो. आत एका कोवळ्या मुलीची हाडे होती. फरशांवर बाण व नांगर कोरलेले होते, म्हणून ती धर्मासाठी मारली गेली असावी असे ठरले. तिच्याबद्दल दुसरी एक ओळही कुठे लिहिलेली नव्हती.

एवढ्या भांडवलावर ती साऱ्या युरोपची लाडकी झाली. १८०५ मध्ये तिचे अवशेष नेपल्सजवळच्या मुन्यानो गावी गेले, आणि नवसाला पावते अशी कीर्ती पसरली. फ्रान्समधल्या आर्स गावच्या व्हियाने या साध्या पाद्र्याने तिचा महिमा घरोघरी पोचवला. १८३७ मध्ये पोपने तिच्या सणाला मान्यता दिली. म्हैसूरला सहलीला गेलेल्या मंडळींनी उंच जुळ्या मनोऱ्यांचे जे चर्च पाहिले असेल, ते तिचेच. १९३३ मध्ये त्याची कोनशिला महाराज कृष्णराज वडियार यांनी बसवली. तेव्हा मरोळच्या घरात आडनाव आले सोळाव्या-सतराव्या शतकात, आणि फिलोमिना आली इंग्रजी अमदानीत. एकाच पाटीवर शेजारी बसलेली ही दोन नावे वयाने इतकी लहानमोठी आहेत!

पुढे पुराणवस्तुशास्त्रज्ञ ओराझिओ मारुक्की याने शंका काढली. फरशांचा क्रम चुकला, कारण त्या एका जुन्या कबरीच्या काढून दुसरीवर वापरल्या. म्हणजे नाव एकीचे आणि हाडे भलतीचीच! अखेर १९६१ साली रोमहून आज्ञा निघाली, की फिलोमिनेचा सण चर्चच्या सर्व पंचांगांतून काढावा. नाव ठेवायला कुणी बंदी केली नाही. तरी ज्यांचा नामदिन, ११ ऑगस्ट, एकाएकी कोरा झाला, त्यांना काय वाटले असेल?

मरोळच्या एका ओट्यावर तांदूळ निवडीत बसलेल्या एका फिलोमिना आजींना मी हे भीतभीतच विचारले. पंचांगाची हकीकत त्यांना माझ्याहून चांगली ठाऊक होती. त्या वेळी त्या शाळकरी होत्या, आणि वर्गातल्या मुलींनी 'तू आता बिननावाची' म्हणून चिडवून रडवले होते. घरी आल्यावर आईने सांगितले, की तुझे नाव आम्ही रोमहून आणले नाही, तुझ्या आजीकडून घेतले आहे. तिला कोण पंचांगातून काढतो ते बघू.

गल्लीत खेळणाऱ्या मुलींना आया हाका मारीत होत्या, त्यांत फिलोमिना एकही नव्हती. आजींच्या नातीचे नाव तर मला नीट उच्चारताही येईना. मात्र बाप्तिस्म्याच्या नोंदीत तिचे मधले नाव फिलोमिना आहे, असे आजींनी तांदळातला खडा बाजूला टाकीत सांगितले. शाळेत ते कुणाला माहीत नाही. घरात चूक केली, की तेवढे ऐकू येते.